माणिकरावांची हळद आणि दूरच्या ताऱ्याचं ग्रहण

माणिकरावांच्या शेतातून धूर येत नव्हता, आणि मला कॉलेजच्या गच्चीवर नाचावंसं वाटत होतं.

हट्ट्याजवळच्या आमच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. गच्चीवर एक टेलिस्कोप आहे. तो आमचा नाही, पुण्याच्या एका संस्थेने उसना दिलेला आहे. उसनी वस्तू घरात असली की सारखं बघावं लागतं, कुणी परत मागायला तर आलं नाही ना. आम्हाला तसं मागणं आलंही होतं. गेल्या वर्षी आमची दोन निरीक्षणं वाया गेली होती. तिसरंही गेलं तर टेलिस्कोप दुसऱ्या कॉलेजला द्यायचा, असं संस्थेच्या देवयानीताईंनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. त्यांचा आवाज गोड झाला की समजावं, निर्णय झालेला आहे.

आमचं काम सांगायला सोपं आहे. आपल्या सूर्याभोवती जसे ग्रह फिरतात, तसे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीही फिरतात. ते दिसत नाहीत. पण एखादा ग्रह आपल्या आणि त्याच्या ताऱ्याच्या मधून गेला, तर ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, बल्बसमोरून चिलट गेल्यासारखा. याला ट्रान्झिट म्हणतात. आम्ही कॅमेऱ्याने एकामागून एक फोटो काढतो, त्या ताऱ्याचा उजेड शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघतो आणि ग्राफ काढतो. ग्राफ खाली कधी गेला आणि वर कधी आला, ते अचूक मिळालं की ग्रहाचं वेळापत्रक कळतं. त्या वेळापत्रकात गडबड दिसली, तर तिथे आणखी एखादा ग्रह लपलेला असू शकतो.

त्या संध्याकाळी अशाच एका जवळच्या ताऱ्याचं ट्रान्झिट होतं. दिवेलागणीनंतर सुरू होणार आणि जेवणवेळेला संपणार. युरोपात तेव्हा लख्ख ऊन. म्हणजे बघणारे आम्हीच.

अडचण एकच होती, हळद. मार्चमध्ये आमच्याकडे शिवारभर हळद शिजते. शेतात बॉयलर आणतात, खाली पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाळ करतात, आणि वाफ ड्रममध्ये सोडून ओली हळद शिजवतात. शिजलेला ड्रम उघडला की वाफेचा लोट उठतो. लोट एका ताऱ्यासमोर येतो, शेजारच्यासमोर येत नाही, आणि ग्राफ खाली जातो. सरावाच्या वेळी आम्हाला एका संध्याकाळी चार ग्रह सापडले होते. प्राचार्य वानखेडे सर पेपरवाल्याला फोन लावायला निघाले होते. मी त्यांचा हात धरून त्यांना गच्चीच्या कठड्याशी नेलं आणि चारही ग्रह उकळताना दाखवले.

माणिकरावांचं शेत नेमकं त्या ताऱ्याच्या दिशेला. मी त्यांना आधीच विनंती केली होती. त्यांचं उत्तरही रास्त होतं. बॉयलर रशीदभाईंचा, तो पाळीने फिरतो. आपल्या पाळीला हळद शिजवली नाही तर बॉयलर पुढच्या शेतात जातो आणि आपला नंबर शेवटी लागतो. तोवर ढिगातली हळद खराब होते. वानखेडे सर म्हणाले, तुम्ही मशीनचं बघा, माणिकरावांचं मी बघतो. मी त्यांचे आभारही मानले.

म्हणून धूर नाही हे पाहून मी खुशीत खाली आले आणि सरांना विचारलं, कसं जमवलंत? सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

"निरोप धाडला त्यांच्या आईला. म्हटलं, मॅडम म्हणतात, आज संध्याकाळी ग्रहण आहे."

"सर!"

"यात खोटं काय आहे? ग्रह ताऱ्यासमोर येणार म्हणजे ग्रहणच ना? तुम्हीच क्लासमध्ये असं समजावून सांगता."

मला राग आला. पण शब्दाला शब्द लावून पाहिला तर सर बरोबर होते. गेली वीस-बावीस वर्षं प्रत्येक ग्रहणाला मी कॉलेजच्या मैदानात पोह्यांचं पातेलं घेऊन बसते. ग्रहणात खाल्ल्याने काही होत नाही, हे पोरांना खाऊन दाखवते. आणि आज माझ्याच नावाने गावात ग्रहण पाळलं जात होतं. तरी पायऱ्या चढताना मनात आलंच, दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे, कुणाचं काय बिघडतंय?

मग आठवलं. माणिकरावांची सून वर्षा आमचीच विद्यार्थिनी, आणि तिला आठवा महिना लागला होता.

स्कूटी काढली आणि शेतातल्या घरी गेले. बॉयलर गार पडला होता. मजुरांची टोळी बाभळीखाली बसून होती. रशीदभाई ट्रॅक्टरच्या चाकाला टेकले होते. ते म्हणाले, "मला काई फरक पडत न्हाई मॅडम, पण गिऱ्हाइकाच्या घरात म्हातारी हाय. तिच्यापुढं कोन बोलंल?"

वर्षा आतल्या खोलीत, खिडक्या लावून. बाहेरच्या उन्हाने पत्रा तडतडत होता. दुपारपासून तिने पाणी घेतलं नव्हतं. ओठ सुकले होते. मला पाहून ती उठायला लागली, मी तिला बसवलं.

"मॅडम, तुमीच सांगितलं होतं ना, ग्रहनात खाल्लं-पिलं तर काई होत न्हाई," ती म्हणाली. "मी आजींसंगं भांडलेसुद्धा त्याच्यावरून. आता तुमीच निरोप धाडला, मग मी काय बोलू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलेजात मिळालेले सगळे सत्कार त्या एका वाक्यापुढे फिके होते.

माणिकरावांची आई दारात बसली होती, हातात माळ. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं, आजी, निरोप चुकीचा आला. आपल्या सूर्याला, चंद्राला आज काही नाही. एक तारा आहे, लांबचा. त्याच्यासमोरून त्याचाच एक ग्रह जाणार आहे. त्याची सावली इथपर्यंत पोचतसुद्धा नाही. पोरीला पाणी द्या.

"ग्रहन हाय का न्हाई, तेवढं सांग," आजी म्हणाली.

इथे मी "नाही" म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण एका दिवसात माझ्या नावावर एक अर्धखोटं पुरे होतं.

"आहे आजी, पण त्या ताऱ्याचं. आणि तो इतका लांब आहे की तिथला उजेड इथं यायला कितीतरी वर्षं लागतात. मी आज जे बघणार, ते तिथं होऊन गेलेलं आहे. वर्षा शाळेत होती तेव्हाच."

आजीने माळ थांबवली. "म्हंजे ते सुटलं कवाच?"

"व्हय, कधीच सुटलं."

"मंग लेकराला उपाशी काहून ठिवलं?" हे ती मलाच रागावून म्हणाली, आणि माझी काही तक्रार नव्हती. तिने स्वतः उठून तांब्या भरून नेला. वर्षाने तो एका दमात संपवला.

बाहेर माणिकराव एव्हाना टोळीला हाका मारत होते. ग्रहण नाही, तर पाळी कोण सोडणार? पऱ्हाट्या पेटल्या, आणि माझ्या ताऱ्याच्या दिशेने धूर निघाला. थांबवायला आता माझ्याकडे कुठलंच कारण नव्हतं. होती ती फक्त विनंती. मी माणिकरावांना आणि रशीदभाईंना खरी गोष्ट सांगितली, टेलिस्कोप परत जाण्यासकट. आणि विचारलं, सुरुवात गेली तर गेली, पण शेवटी अर्धा तास ड्रम उघडायचा नाही, असं जमेल का?

माणिकरावांनी रशीदभाईंकडे पाहिलं. रशीदभाई म्हणाले, जाळ धीमा ठेवतो आणि ड्रमची भराई नेमकी तेव्हा घेतो. कच्ची हळद भरताना वाफ येत नाही.

"इशारा काय करनार?" माणिकरावांनी विचारलं.

"गच्चीवरून टॉर्च मारते."

"मारा. पन अर्धा तास म्हंजे अर्धाच, मॅडम. हळद माजी हाय."

ट्रान्झिटची सुरुवात धुरात गेली. मधला भागही गेला. त्या ग्राफकडे बघवत नव्हतं. मग मी टॉर्च मारली. शेतातला जाळ बसला, लोट विरळ झाले आणि ग्राफचे ठिपके शहाण्यासारखे एका ओळीत येऊ लागले. थोडा वेळ खाली, सरळ. मग हळूहळू वर चढले आणि वरच राहिले. ग्रह ताऱ्यासमोरून बाजूला झाला होता. मी दुसऱ्यांदा टॉर्च मारली, आणि खालून ड्रम उघडल्याचा आवाज आला.

सकाळी देवयानीताईंचा फोन आला. आवाज गोड नव्हता, म्हणून मला धीर आला. सुरुवात कुठे गेली, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, ग्रहाला पार व्हायला किती वेळ लागतो ते आधीच माहीत आहे, त्यामुळे शेवट मिळाला की वेळ काढता येते. चुकीची शक्यता वाढते, पण चालेल. टेलिस्कोप राहू दे.

वानखेडे सरांना अजून हळहळ वाटते. मॅडम थोडं गप्प बसल्या असत्या तर ग्राफ पूर्ण मिळाला असता, असं ते स्टाफरूममध्ये सांगतात. खरंच मिळाला असता. पण हुकलेला ग्रह काही दिवसांनी त्याच ताऱ्यासमोरून पुन्हा जातो, आणि तेव्हा मोजता येतो. वर्षाने पुन्हा माझं ऐकलं असतं की नाही, हे मोजायला माझ्याकडे कुठलंच यंत्र नव्हतं.