पाव्हणं आल्यात बगा

सैबेरियापासून सणसरपर्यंतच्या आभाळात असा एकही पक्षी नाही, जो माझ्या व्याह्यांच्या नात्यात बसत नाही. हे मी हवेत बोलत नाही. माझी थोरली मुलगी त्या घरात दिली आहे, त्यामुळे तिबेटातली बदकं आता माझीही कोणीतरी लागतात, आणि एखाद्या वर्षी त्यांच्याकडून टॉवेल-टोपीचा आहेर आला तर मी तो नम्रपणे स्वीकारीन. आमच्या व्याह्यांच्या लेखी पक्षी हा शब्द चिमण्या-कावळ्यांसाठी. हिमालय ओलांडून थंडीला उतरतात आणि ऊन तापायला लागलं की उत्तरेची वाट धरतात, ते पक्षी नव्हेत, ते 'पाव्हणं'. आता आमच्या भागात व्याही एकमेकांना हाक मारतात तीही 'पाव्हणं' हीच. म्हणजे त्यांच्या तोंडी तो शब्द आला, की तो माझ्यासाठी आहे की एखाद्या लांब पायाच्या प्राण्यासाठी, हे वाक्य संपेपर्यंत कळत नसे.

याची पहिली चुणूक लग्नाच्या बैठकीतच मिळाली. आमच्याकडचे सगळे फाल्गुनातली तारीख धरून बसले होते. हॉल मिळत होता, आचारी मोकळा होता. व्याही मात्र मान हलवत म्हणाले, "फाल्गुन-चैतात जमायचं न्हाय पाव्हणं. आमच्याकडं त्या दिवसांत लई पाठवण्या असत्यात." माझ्या धाकट्या भावाने माझ्या कानात विचारलं, "दादा, एवढ्या मुली आहेत यांना?" त्यांना एकुलता एक मुलगा. पाठवण्या होत्या त्या उजनी धरणाच्या फुगवट्यावरच्या रोहित पक्ष्यांच्या. शेवटी लग्न वैशाखाच्या वणव्यात झालं, जिलेबी ताटात पडायच्या आधी वितळली आणि वरबाप फेटा बांधून, गळ्यात दुर्बीण अडकवून मांडवात उभे राहिले. ऐन मंगलाष्टकांत त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि ओरडले, "गरूड!" भटजींनी पुढचं 'सावधान' आभाळाकडे बघून म्हटलं. अल्बममध्ये आजही सगळं वऱ्हाड कॅमेऱ्याकडे बघतं आहे आणि व्याही वर.

व्याह्यांच्या गावाला, सणसरला, बांधापर्यंत ऊस. त्या हिरव्या समुद्रात व्याह्यांचा ज्वारीचा एक तुकडा आहे, तो त्यांनी भोरड्यांसाठी राखलाय. भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना. थव्यांनी येतात आणि उभं कणीस खराट्यासारखं करून टाकतात. म्हणून लोक गोफण घेऊन, पत्र्याचे डबे बडवून त्यांना हाकलतात. आमचे व्याही राखणीच्या माळ्यावर चढतात ते हात जोडून. बांधावरून जाणारा शेजारी एकदा म्हणाला, "आबा, राखण चाललीया का पंगत वाढताय?"

"वाढतोय. तू बी बस, पर मुकाट्यानं बस."

विहीणबाई खालून ओरडल्या, "घरच्या सुनंला मूठभर हुरडा गावला न्हाय, आन् मैनांस्नी आग्रह चाललाय!" यावर त्यांनी वरूनच समजूत घातली, की सून काय, इथलीच आहे, तिला कुठे उद्या हिमालय चढायचाय. माझी मुलगी हे मला फोनवर सांगताना हसत होती, तेव्हा मीही हसलो. बाप म्हणून थोडं कमी हसलो.

पण एवढ्या नात्यागोत्याच्या माणसाला एक दुःख होतं. पाव्हणे भेटत, पण भेट सांगायला जोडीला कोणी नसे. सणसरच्या वरच्या अंगाला माळावर एक जुना पाझर तलाव आहे. तिथे एका चैत्रात त्यांना काळा करकोचा दिसला होता. माणसाच्या कमरेएवढा उंच, पाठ काळी आणि उन्हात हिरवी-जांभळी चमकणारी, पोट पांढरं, चोच आणि पाय लालभडक. आमच्या भागात हा पक्षी म्हणजे देव भेटावा तसा. व्याही अनवाणी पळत रस्त्यापर्यंत आले, तिथे पुण्याहून रोहित बघायला आलेली फोटोवाली मंडळी चहा पीत होती. हातभर लांबीच्या लेन्सवाल्याने विचारलं, "फोटो आहे का, काका?"

व्याही चकित झाले. "पाव्हण्याला चा इचारायच्या आदी फोटो काडायचा व्हय?"

मंडळी हसली. त्यातला एकजण अगदी गोड आवाजात म्हणाला, "पाणकावळा असेल हो, काका. लांबून काळा दिसतो तो." ते गोड बोलणं व्याह्यांच्या काळजात काट्यासारखं मोडलं. तेव्हापासून त्यांची एकच इच्छा उरली: तो करकोचा पुन्हा उतरावा आणि त्या वेळी शेजारी आपलं माणूस उभं असावं. फोटो नको, पेपरात नाव नको. "एकट्यानं बगितल्यालं निम्मंच बगितल्यावानी हुतं," ते म्हणत. हे आपलं माणूस म्हणून त्यांनी मला नेमलं. कारण विचारलं तर म्हणाले, "व्याह्याचा शबुद व्याह्याला खोटा पाडता येत न्हाय. रीत हाय तशी."

मागच्या वर्षी चैत्रात, सकाळी सकाळी, आमच्या बारामतीच्या घरी फोन आला. मी अंघोळीला होतो. फोन आमच्या हिने घेतला. पलीकडून दबका, थरथरता आवाज: "पाव्हणं आल्यात बगा. लई लांबनं आल्यात. देखणं हाईत. थांबणारं न्हाईत जास्त, लगोलग या समदी."

आता हे वाक्य लग्नाची मुलगी घरात असलेल्या आईच्या कानांनी ऐका. आमची धाकटी पुण्यात नोकरी करते. तिच्यासाठी स्थळ बघा, असं ही महिनाभर आधीच व्याह्यांच्या कानावर घालून बसली होती. लांबून आलेले, देखणे, घाईत असलेले पाहुणे! मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तोवर कपाटातली पैठणी पलंगावर आली होती, सुट्टीला आलेली धाकटी झोपेतून उठवली गेली होती आणि हिच्या भावाला फोनवर बातमी गेली होती. "अगं, पण मुलगा काय करतो ते तरी विचारलंस का?" मी म्हणालो. "परदेशात असणार. लांबून आलेत म्हणाले ना!" तर्कात चूक काढायला जागा नव्हती.

तयारी, पेढे, गजरे, वाटेत धाकटीचं "मी नाही चहाचा ट्रे धरणार" हे भांडण, यात ऊन वर आलं. सणसरला पोचलो तर दारात थोरली. आमचा थाट बघून तिने डोळेच मोठे केले आणि म्हणाली, "आबा तळ्यावर आहेत. तिकडंच बोलावलंय तुम्हाला." पाहुण्यांना तळ्यावर का नेलं, हा प्रश्न हिला पडला, पण परदेशातल्या लोकांना निसर्ग आवडतो, असं तिचं तिनेच उत्तर दिलं. मग काठपदर सावरत, ढेकळांतून पाय टाकत, पेढ्यांचा बॉक्स छातीशी धरून आमची वरात त्या माळावर चढली.

व्याही बांधावर पालथे पडले होते. आमची चाहूल लागताच उठले. तोंडावर धूळ, डोळ्यांत पाणी. "आत्ता हुता! ह्या बाभळीम्होरं! पहाटंपासनं धरून ठिवला हुता नजरंनं. तुमी खाली दिसलासा आन् उडाला." ते एका मोकळ्या जागेकडे बोट दाखवत होते. तिथून थोड्या अंतरावर खडकावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता.

हिने चहूकडे बघितलं. "पाहुणे कुठं आहेत?"

"ह्येच की. गेलं. काळा करकोचा."

मग धाकटी जी हसत सुटली, ती बांधावर बसलीच. ही हसली नाही. "व्याहीबुवा," ती म्हणाली, "माझी मुलगी काय पक्ष्याला दाखवायची होती?" आणि तिच्या डोळ्यांना पदर लागला. भावाला फोन झाला होता, शेजारणीला कळलं होतं. आता संध्याकाळी सगळ्यांना काय सांगायचं होतं, तर मुलगा आला होता पण उडून गेला.

व्याह्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "चुकलं, विहीणबाई. ह्या तोंडातनं तो शबुद पुन्यांदा यायचा न्हाय." आम्ही त्यांना लाख समजावलं. गाडीत बसेपर्यंत हीसुद्धा हसायला लागली होती आणि पुढे कित्येक दिवस तो किस्सा मी बारामतीभर, विशेषतः उडून गेलेल्या मुलाचा अभिनय करून, सांगत हिंडलो. पण आमच्या लोकांत मुलीच्या आईच्या डोळ्यांत व्याह्यामुळे पाणी येणं ही लहान गोष्ट नव्हे, निदान त्यांच्या मनात तरी नव्हती. 'पाव्हणं' हा शब्द त्यांनी खरोखर टाकला. मलाही त्या दिवसापासून 'शेठ' म्हणायला लागले. माझं रंगाचं दुकान आहे, तेव्हा शेठ म्हणणारे पुष्कळ. पण त्यांच्या तोंडून ते ऐकलं, की आपण काउंटरच्या आत आणि ते बाहेर गिऱ्हाईक होऊन उभे आहेत असं वाटे.

या वर्षी चैत्रात त्यांचे लागोपाठ काही दिवस सकाळी फोन आले. "शेठ, बरं हाय का?" "बरं आहे." मग नुसता वाऱ्याचा आवाज. "डिस्टेंपरचं काय चाललंय?" असं त्यांनी एकदा विचारलं. ज्यांच्या घराला कधी चुन्यापलीकडे काही लागलं नाही, त्यांना डिस्टेंपरची काळजी कशाला, म्हणून मी विचारलं, "आबा, काही काम होतं का?" "न्हाय, न्हाय. काम कशाचं?" आणि फोन बंद.

नंतर एक दिवस ते स्वतःच दुकानात आले. एसटीने, दुर्बीण न घेता. काउंटरपुढच्या स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तो आला हुता."

मला कोण ते विचारावं लागलं नाही. "कधी?"

"फोन करत हुतो तवा. ऱ्हायला ह्या खेपंला. रोज सकाळी त्याच बाभळीम्होरं. मी हिकडं फोन धरून, तो तिकडं एका पायावर."

"अहो आबा, मग सांगायचं की! मी दुकान टाकून आलो असतो!"

"सांगायचं कसं?" ते अगदी कळवळून म्हणाले. "तो शबुद टाकलाय. दुसरा गावंना. पक्षी आलाय म्हणायला जीभ वळंना, पक्षी तर रोजच येत्यात. तुमी हॅलो म्हणलासा की माजं त्वांड बंद. मग डिस्टेंपर."

तो पुन्हा येईल, पुढच्या चैत्रात मी आधीच मुक्कामाला येतो, असं काहीबाही मी बोललो. ते हसले. "त्याला बी वय हाय, मला बी हाय." मग त्यांची नजर काउंटरवरच्या शेडकार्डावर गेली. ते त्यांनी जवळ ओढलं आणि लाल रंगांच्या पानावर बोट ठेवलं. "चोच कसली हुती ते तुमाला दावतो." बोट एकेका चौकोनावरून सरकत गेलं. "ह्यो न्हाय. ह्यो बी न्हाय. ह्यो कुकवाचा झाला. दुसरं पुस्तक न्हाय का?" दुकानातली सगळी पुस्तकं काढली. तो लाल कशात नव्हता.

मग मी रंग कालवायला घेतला. पांढऱ्याच्या थेंबात तांबडा, त्यात जरासा पिवळा. ते शेजारी उभे राहून सांगत होते, "अजून... जरा आगीकडं न्या... लई झाला." कागदावर ठिपके वाढत गेले, माझे हात कोपरापर्यंत लाल झाले. शेवटी एका ठिपक्याशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी माझं मनगट धरून मला खाली वाकवलं.

"ह्यो. ह्योच. बगा, बगा लवकर. वाळला की उतरंल."

दारात एक गिऱ्हाईक ब्रश मागत उभं होतं. मी लाल हात वर करून त्याला थांबवलं आणि आम्ही दोघं व्याही काउंटरवर वाकून, श्वास धरून, तो ठिपका ओला होता तोवर बघत राहिलो.