बेटावरचा विडा

पाण्याकाठी सहल न्यायची तर तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. परत कधी निघायचं, पिण्याचं पाणी कोण उचलणार आणि वयस्कर माणसांना सावलीत कुठे बसवायचं. बाकी सगळं, जेवणसुद्धा, नंतर. आता मी आमच्या मंडळाच्या सहली नेते, तेव्हा बायका विचारतात की हे सगळं कुठे शिकलात. ग्वाल्हेरला शिकले. आमच्या घरच्या सहलीची बांधाबांध मी शाळेत असल्यापासून माझ्याकडे होती.

आश्विनात आम्ही गावाबाहेर तिघऱ्याच्या धरणावर जात असू. आमच्या लश्कर भागातली दोन-तीन मराठी घरं मिळून एक बस ठरवत. पावसाळा संपल्यावर धरणाचं तळं काठोकाठ भरलेलं असे आणि मधे एक टेकाड तेवढं वर राहिलेलं असे. वर कडुलिंबाची झाडं आणि शेंदूर फासलेला एक दगड. त्याला आम्ही बेट म्हणत असू. केवट होडीच्या दोन फेऱ्यांत आम्हाला तिथे पोचवी आणि ऊन उतरल्यावर न्यायला येई. मधल्या वेळात रुसून कुठे जायची सोय नव्हती. म्हणून सामान बांधताना मी काही विसरत नसे.

जेवण झालं की विडा ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. आजोबा दरबारात अत्तर-पानाच्या कामावर होते. संस्थान विलीन झालं, दरबार उठला, पण घरात एक तबक राहिलं होतं. त्यात लवंग टोचलेला एकच विडा ठेवून तबक सगळ्यांच्या मधे सरकवायचं. थोरला एखादी कामगिरी सांगणार, आणि जो विडा उचलील त्याने ती पार पाडायची. पुष्कळदा गंमतच असे. झाडावर चढून दाखवायचं, गाणं म्हणायचं, रिकामी पातेली एकट्याने वाहायची. पण उचललेला विडा परत ठेवायचा नाही, हा नियम गमतीचा नव्हता. धाकट्या भावाचं शिक्षण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, असाच विडा उचलून अंगावर घेतलं होतं आणि स्वतःची हौसमौज मारून पुरं केलं होतं.

मी सांगते आहे त्या वर्षी मध्यभारत मोडून नवा प्रांत व्हायचा होता. राजधानी भोपाळला जाणार हे ठरलं होतं. बाड्यावर, म्हणजे आमच्या मोठ्या चौकात, कुणीही भेटलं की नमस्काराच्या आधी विचारी, "तुमचं दफ्तर कुठे चाललं?" अण्णांचं भोपाळला चाललं होतं, काकांचा तबादला इंदूरला झाला होता. नई सडकेजवळचं भाड्याचं घर सोडायचं होतं. मी चार याद्या केल्या होत्या. भोपाळ, इंदूर, विकायचं आणि देऊन टाकायचं. कोळशाच्या शेगडीपासून देवघरातल्या घंटेपर्यंत सगळं कुठे ना कुठे लागलं होतं. राहिली होती आत्या.

आत्या अण्णा-काकांची थोरली बहीण, त्यांची आक्का. तरुणपणीच नवरा गेला तेव्हा ती भावांकडे आली आणि स्वयंपाकघर तिने हातात घेतलं ते सोडलं नाही. ती गरीब बिचारी वगैरे मुळीच नव्हती. आईच्या हातची आमटी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात खारट झाली, तेव्हा आत्याने पातेलं तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं संपेपर्यंत समोर बसून राहिली. काकूला मूल उशिरा झालं. तोवर घरात हळदीकुंकू असलं की आतल्या खोलीतून आत्याचा आवाज येई, "हिची ओटी भरायची, की रिकामीच बरी?" बाहेरच्या बायका खाली बघत. आई आणि काकू यांचं एकमेकींशी फार पटत नव्हतं, पण ह्या एका बाबतीत त्या सख्ख्या बहिणी होत्या.

सहलीच्या सकाळी मी पुऱ्यांचा डबा फडक्यात बांधत होते. आत्या येऊन उभी राहिली.

"माझी वळकटी भोपाळात लिही," ती म्हणाली. "तुझा बाप काल हो म्हणालाय. आणि पाटा-वरवंटाही लिही. तिथल्या बायकांना वाटता येतं की नाही कोण जाणे."

अण्णा काल काय म्हणाले होते ते मीही ऐकलं होतं. ते म्हणाले होते, "बघू." आत्यालाही ह्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता, पण ती दुसरीकडे जाणार कुठे? सासरी दीरही उरले नव्हते. मी वळकटी लिहिली, खाली पाटा-वरवंटा लिहिला. तिने वाकून बघितलं आणि बेसनाच्या लाडवांचा डबा स्वतः उचलून बसमध्ये नेऊन ठेवला.

त्या दिवशी आमच्याबरोबर शेजारचे म्हातारे वकील आणि त्यांची बायको होती, शिवाय मागच्या गल्लीतलं एक कुटुंब. बेटावर पोचलो, जेवणं झाली. लिंबाच्या सावलीत सतरंजी टाकून सगळे बसले. तबक मधे आलं. अण्णांना अशा गोष्टींत बोलायचा कंटाळा, म्हणून कामगिरी सांगायचं काम काकांकडे आलेलं होतं. काका बोलण्यात हुशार होते. कुणाची टिंगल करायची असली की त्यांना शब्द शोधावा लागत नसे. पहिला विडा मागच्या गल्लीतल्या गृहस्थांनी उचलला आणि नाट्यपद म्हटलं. दुसरा वकिलांनी उचलून बायकोच्या हातात दिला. मग आईने तिसरा लावला. तिने चुना नीट फिरवला, लवंग दाबून टोचली आणि तबक काकांकडे सरकवलं.

काका म्हणाले, "हा शेवटचा, आणि जड आहे हं. आमच्या आक्काला जो जन्मभर सांभाळील, त्याने उचलावा."

सगळे हसले. आत्याही हसली.

"सांभाळायचं काय? चावते का मी?"

"चावता," काकू म्हणाली, आणि मग हसू आवरेना. वकीलीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

हसू ओसरलं तरी विडा तिथेच होता. काकांना वाटलं असावं की अण्णा उचलतील आणि इतके दिवस लांबलेला प्रश्न हसतखेळत मिटेल. अण्णा तळ्याकडे बघत होते. काकू न विचारता बोलली, की इंदूरला वरच्या मजल्यावरची खोली मिळते आहे, जिना उभा आहे आणि आक्कांचे गुडघे असे.

"तुझा जिना ठेव तुझ्यापाशी," आत्या म्हणाली. "मी भोपाळला चालले आहे." ती अण्णांकडे वळली. "सांग की रे ह्यांना."

"क्वार्टर अजून बघितलं नाही, आक्का," अण्णा म्हणाले.

"बघायचं काय त्यात? दोन खोल्या आहेत," आई म्हणाली. ती लग्न होऊन आल्यापासून आत्यासमोर आवाज चढवून बोलली नव्हती. आताही चढवला नाही. "स्वयंपाकघर एका बाईपुरतं आहे. तिथे आमटी मी करीन म्हणते, जशी जमेल तशी."

वकील म्हणाले, "अरे, विडा वाळून राहिलाय."

एवढ्यावर थांबता आलं असतं. तबक उचलून घ्यायचं आणि सामानाला लागायचं. पण चार माणसं समोर बसली असली की काकांना थांबता येत नसे. लिलावाच्या उलट त्यांनी बोली उतरवायला सुरुवात केली.

"बरं, जन्मभर राहू दे. वर्षभर?" त्यांनी तबक अण्णांसमोरून फिरवलं. "सहा महिने? उन्हाळ्यापुरती? नुसती पापड-कुरडया होईपर्यंत?" मागच्या गल्लीतले गृहस्थ हसायला लागले. "चार दिवस माहेरपणाला?"

ह्या शेवटच्यावर सगळ्यांत जास्त हशा झाला. मीही त्या घोळक्यातच बसलेली होते, तेव्हा सांगते की विनोद खरोखरच चांगला होता.

आत्याने हात पदराला पुसला आणि तबकातला विडा उचलला. नवरा गेल्यापासून तिच्या तोंडात पान गेलं नव्हतं. विधवेने पान खायचं नसतं हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नसे, ते आपोआपच माहीत असे. विडा तोंडापाशी नेऊन ती थांबली. पुरेशी थांबली. अण्णा तिच्या डाव्या हाताला बसले होते, हात लांब केला असता तर मनगट सापडलं असतं. कुणीही हात लांब केला नाही. मग तिने लवंगेसकट विडा तोंडात घातला आणि शेवटपर्यंत चावून खाल्ला. त्याला वेळ लागला.

"तुमच्या आक्काला मी सांभाळते," ती म्हणाली. "झालं तुमचं?"

काकांनी हसायचा प्रयत्न केला. अण्णा हसले नाहीत. तळ्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "उचलला म्हणजे उचलला."

आमच्या घरात ह्या वाक्यापुढे बोलणं नव्हतं. आईने चुन्याची डबी मिटली.

केवटाला यायला अवकाश होता. बायका उगीच पातेली घासत राहिल्या, घासलेली पुन्हा घासली. पुरुष दुसऱ्या बाजूला जाऊन नव्या प्रांतात पगाराच्या श्रेणी कशा जुळवणार ह्यावर बोलत बसले. आत्या दगडापाशी एकटी बसली होती. तिचे ओठ लालभडक झाले होते. आमच्याकडचं बिलौआ गावचं पान चांगलं रंगतं. ओठ रंगल्याचं तिला कुणी सांगितलं नाही. तशीच ती होडीत बसली, तशीच बसमधून बाड्यावरून आली आणि बाड्यावर बस थांबली तेव्हा ओळखीच्या दोन बायकांनी खिडकीतून तिच्याकडे टक लावून बघितलं. रात्री तबक घासताना तिला आपलं तोंड त्यात दिसलं असावं. तिने राखेने ओठ घासले. सकाळी ते सुजलेले होते.

वकीलीणबाईंनी आपलं काम केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या मराठी घरांना ठाऊक झालं की अमक्यांच्या विधवा बहिणीने चारचौघांत विडा खाल्ला. कोणत्या कामगिरीवरून खाल्ला हे मात्र कुणी सांगत नव्हतं. आईला आता कारण शोधावं लागलं नाही. नव्या गावी, नव्या लोकांत, पान खाल्लेली बाई कुणासमोर उभी करायची, असं ती म्हणाली. अण्णांनी मान हलवली. मग त्यांनी मला भोपाळच्या यादीतून वळकटी काढायला सांगितलं.

मी विचारलं, "मग कुठे लिहू?"

"लिहायची गरज नाही. ती इथेच आहे."

पाटा-वरवंटा त्यांनी भोपाळच्या यादीत राहू दिला. आईला तो हवा होता.

नई सडकेच्या मागे एका किराणावाल्याच्या घरात आत्यासाठी खोली बघितली. त्याच्या बायकोला अंथरुणावरून उठवत नव्हतं, रांधायला कुणीतरी हवं होतं. रांधायच्या बदल्यात खोली आणि जेवण. अण्णांना ही व्यवस्था फार सोयीची वाटली आणि तशी ती होतीही. वळकटी आत्याने स्वतः बांधली, मला हात लावू दिला नाही.

निघायच्या दिवशी अण्णा मला घेऊन तिचा निरोप घ्यायला गेले. ती तांदूळ निवडत होती. अण्णा वाकले. आत्याने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"उठा," ती म्हणाली. "पाया पडायचं ते आपल्या माणसाच्या पडावं."

धाकट्या भावाला तिने अहो-जाहो करताना मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णा तसेच वाकून राहिले, नंतर जमिनीला हात लावून उठले. आत्या मला म्हणाली, की चिनी मातीच्या बरण्या पेंढ्यात घातल्यास ना, नाहीतर फोडशील. मी हो म्हटलं. किराणावाल्याच्या बायकोने आतून "अम्मा, पानी" म्हणून हाक मारली आणि ती उठून गेली.

भोपाळला आम्ही लवकर रुळलो. तिथे तळ्याला तोटा नव्हता. दफ्तरातल्या कुटुंबांच्या सहली सुरू झाल्या आणि त्यांची बांधाबांध माझ्याकडे आली. विड्याची रीत अण्णांनी तिथे काढली नाही. अण्णा आत्याला दिवाळीला पत्र घालत. उत्तर येत नसे. पहिली एक-दोन वर्षं आई म्हणे, की एवढा ताठा बरा नाही. नंतर कुणी काही म्हणत नसे.

माझं लग्न ठरलं होतं त्या हिवाळ्यात किराणावाल्याचं कार्ड आलं. मृत्यूच्या बातमीला फाडतात तसा कोपरा फाडलेला होता, म्हणून वाचायच्या आधीच कळलं. हिंदीत चार ओळी होत्या. अम्मा गेली, तेरावंही झालं. सगळं उरकल्याशिवाय भावांना कळवू नका असं अम्माने वचन घेतलं होतं, त्याबद्दल क्षमा असावी. इंदूरलाही असंच कार्ड टाकलं आहे.

अण्णांनी कार्ड दोनदा वाचलं आणि आईच्या हातात दिलं. आईने पंचांगाच्या मागची पानं काढली. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक आधीच थोडं, त्यात बातमी दहा दिवस उलटल्यावर कळलेली. नुसतं स्नान पुरतं.

"मग उद्याचं मोडायला नको," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या तळ्यावर जायचं ठरलेलं होतं. होड्या सांगितल्या होत्या, सहा घरांचं जेवण वाटून दिलं होतं. मी अण्णांकडे बघितलं. ते न्हाणीघरात गेले. मी पाणी तापवलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. त्या थंडीत गार पाण्याचे तांबे एकामागून एक ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आई पुऱ्यांचं पीठ चाळत होती. ती एकदा थांबली आणि म्हणाली, पाणी संपवून टाकतील, नळ आता संध्याकाळीच येणार.

सकाळी ठरल्या वेळेला बस आली. सगळ्यांत आधी अण्णा चढले आणि खिडकीपाशी बसले.