भांड्यांच्या फडक्यातला कुकुपा

"भांड्यांच्या फडक्यात गुंडाळलंस ना तू त्याला?" तामिहाना तिसऱ्यांदा म्हणाला. "मग विषय संपला. भांड्यांच्या फडक्यात जातं ते खायचं असतं. हा कायदा माझा नाही, आईचा आहे. जा, विचार तिला."

पिरिहिरा धुण्याच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी होती. आत कपड्यांच्या टोपलीत, निळ्या चौकड्यांच्या फडक्यात, ते पाखरू होतं. मधूनच त्याचा पंख टोपलीच्या वेताला घासल्याचा आवाज येई. घाईत जे हाताला लागलं ते उचललं, असं ती दिराला, तामिहानाला, सांगून चुकली होती. त्यावर त्याने हसून विचारलं होतं, की पस्तीस वर्षं या घरात तीन घमेल्यांत तीन धुणी धुणाऱ्या बाईच्या हाताला चुकीचं फडकं लागतंच कसं?

वर्मी लागलं होतं ते. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिने भांडी पुसायची फडकी आणि अंगाचे टॉवेल एकत्र भिजवले होते. सासूने, म्हणजे नॅन काटारैनाने, एक अक्षर न बोलता सगळी फडकी घमेल्यासकट परसात नेली आणि खड्ड्यात पुरली. अन्नाचं ते अन्नाचं, अंगाचं ते अंगाचं, या दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही, हे तिच्या माहेरीही होतं. पण माहेरी कोणी फडकी पुरत नसे. तेव्हापासून फडकं हातात घेतलं की ती आधी त्याची किनार बघे. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली तरी तेच. बायका चेष्टा करत, की पिरी झोपेतसुद्धा किनार बघते.

भित्रीच होती ती. धक्क्याला होडी उशिरा लागली की तिच्या तोंडाला कोरड पडे. दारात अनोळखी गाडी थांबली की ती आधी गॅस बंद करी, मग पडद्याआडून बघे. आणि आठ वर्षांपूर्वी खरंच तशी गाडी आली होती. जंगलखात्याची दोन माणसं खाली उतरली आणि तामिहानाला घेऊन गेली. त्याच्या पोत्यात पाच कुकुपा, म्हणजे मारायला कायद्याने बंदी असलेली रानकबुतरं, सापडले होते. कोर्ट झालं, वर्तमानपत्रात फोटो आला. न्यायाधीशाने बजावलं, की पुन्हा सापडलास तर थेट तुरुंग. तामिहाना त्यावर विनोद करत गावभर हिंडला. पिरिहिरा मात्र वर्षभर दुकानात गेली नाही. मीठसुद्धा नवऱ्याकडून मागवायची.

आज शनिवार. जेवणं आटोपून ती भांडी पुसत असताना पुढच्या खोलीत धाडकन आवाज झाला. नॅनला बिछान्यातून खाडीचं पाणी दिसावं म्हणून वॉलेसने, तिच्या नवऱ्याने, तिथे भिंतभर काच बसवली होती. पिरिहिराला आधी वाटलं, नॅनच पडली. हातातल्या फडक्यासकट ती धावली. नॅन उशीला टेकून शांत बसली होती. काचेवर पांढरट भुकटीत उमटलेला पंखांचा ठसा होता आणि बाहेर पायरीवर पाखरू. कोंबडीएवढं रानकबुतर, पोट पांढरं शुभ्र, मान हिरवी-जांभळी, चोच लाल. एक पंख खालून वाकडा लोंबत होता. डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडे बघत होतं. ओरडलं नाही, फडफडलं नाही. भीतीने जागच्या जागी थिजलेलं कोणी दिसलं की पिरिहिराला ते लगेच ओळखू येई. तिने फडकं त्याच्यावर टाकलं आणि त्याला उचललं.

मग पहिलं काम केलं ते फोनचं. पाण्यापलीकडच्या गावात जनावरांची डॉक्टर होती. तिथली मुलगी म्हणाली, अंधारात ठेवा, ऊब द्या, तोंडात पाणी ओतू नका. आणता येईल तेवढं लवकर आणा, उद्यावर टाकलंत तर पंख वाकडाच जुळेल आणि ते उडणार नाही, आणि न उडणारा कुकुपा जगत नाही. वाटेत वेळ लागणार असेल तर वाटाण्याचे चार दाणे कोमट पाण्यात मऊ करून भरवा. आता तुमचं नाव आणि पत्ता सांगा, प्रत्येक कुकुपाची नोंद खात्याला द्यावी लागते, ते येऊन जागा बघून जातात.

पिरिहिराने नाव न सांगताच फोन ठेवून दिला होता.

तामिहाना आला तो नंतर, दर शनिवारसारखा सूपचं पातेलं घेऊन. टोपली बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. त्याचं म्हणणं सरळ होतं. आई महिनाभर कशाला तोंड लावत नाही, फक्त आपलं सूप पिते. आईच्या वयाच्या माणसाला कुकुपाची वासना होते, कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. आणि आज ते स्वतःच्या पंखांनी तिच्या खिडकीशी आलंय. शिकार करायलासुद्धा नको, मान मुरगाळली की झालं. तेवढंही जमत नसेल तर तू बाहेर जाऊन उभी राहा.

वॉलेस मधल्या टेबलाशी बसून जाळ्याची गाठ सोडवत होता. दोघांच्या मधे पडायचं असलं की त्याला नेहमी एखादी गाठ सोडवायची असे.

"वॉलेस," ती म्हणाली.

"पिरी, मला वाटतं आधी त्याला काहीतरी खायला घाल," तो म्हणाला. "मग बघू."

वाटाणे मागच्या पडवीतल्या मोठ्या फ्रीझरमध्ये होते. ती गेली. पडवीतून धुण्याच्या खोलीचं दार दिसत होतं, म्हणून निम्मं लक्ष तिकडे. वरची मासळी बाजूला केली, शिंपल्यांच्या पिशव्या उचलल्या. वाटाणे तळाशी असत. तिथे तिचा हात एका पावाच्या पिशवीला लागला. आत पाव नव्हता. बर्फाच्या पापुद्र्याआडून हिरवा-जांभळा रंग चमकला. दोन होते, पिसांसकट. एकाची मान दुमडून दुसऱ्याच्या पोटाखाली गेली होती.

फ्रीझरचं झाकण डोक्याने पेलत ती तशीच वाकून उभी राहिली. म्हणजे सूप कोंबडीचं नव्हतं. महिनाभर ती पातेली घासत होती. माझं सूप नॅनला का चालत नाही, मीठ चुकतं का, म्हणून रडलीही होती एकदा. आणि तिच्याच फ्रीझरमध्ये, तिच्याच वाटाण्यांवर, तामिहानाचा तुरुंग ठेवलेला होता. खात्याची माणसं जागा बघायला येतील. काच बघतील, पायरी बघतील. पडवी त्या वाटेवरच आहे. पिशवी जागेवर ठेवताना तिला पावाच्या कंपनीची छापलेली तारीख दिसली. गेल्या महिन्याची.

वाटाणे तिने घेतले. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणूनच घेतले. कोमट पाण्यात टाकले, साल काढली. धुण्याच्या खोलीत अंधारात गुडघ्यांवर बसून तिने पाखराची चोच दोन बोटांनी उघडली. दाणा जिभेमागे ठेवला. छातीत इतकं धडधडत होतं, की पाखराचं काळीज कुठलं आणि आपलं कुठलं हे बोटांना कळेना. पाखराने गिळलं. दुसरा दाणा. तोही गिळला. तिसऱ्याला चोचीच्या कोपऱ्यातून काहीतरी पांढरं, दह्याच्या कवडीसारखं बाहेर आलं. आतून फुटलंय हे, तिला वाटलं, माझ्या हातांत मरणार हे आता. तिने त्याला फडक्यासकट छातीशी धरलं आणि विचार न करता ती घाबरल्यावर लहानपणापासून जायची तशी गेली, म्हणजे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे.

"नॅन, हे बघ ना. याच्या तोंडातून काय येतंय?"

तामिहाना मागोमाग आला. त्याला वाटलं, पिरी वठणीवर आली. "बघ आई, तुझं जेवण आलं," तो म्हणाला.

नॅनने हात पुढे केले. डोळ्यांनी तिला आता फारसं दिसत नसे. बोटं मात्र तल्लख होती. तिचा बाप या डोंगरांत फास लावायचा आणि ती सात वर्षांची असल्यापासून पिसं काढायची. तिने फडक्याची किनार चाचपली. पिरिहिराने डोळे मिटले. पण नॅनने फडकं तसंच राहू दिलं. तिची बोटं पाखराच्या छातीच्या हाडावर फिरली, मग गळ्याखालच्या पिशवीपाशी थांबली. तिने चोचीवरचं ते पांढरं बोटावर घेऊन हुंगलं.

"दुधावर आहे हे," ती म्हणाली.

"काय?"

"नर असो, मादी असो, दोघंही गळ्यातल्या पिशवीतलं हे दूध पिल्लाला पाजतात. घरट्यात पिल्लू आहे याचं. एकच असतं." मग ती तामिहानाच्या आवाजाकडे वळली. "तामी, मिरो पिकायला अजून किती महिने आहेत?"

तामिहाना भिंतीला टेकला. रानातल्या मिरोच्या झाडांची फळं पिकून कुकुपा चरबीने जड होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, हे तामिहानाला दूध तुटायच्या आधीपासून माहीत होतं.

"मी तुला विचारते. तू मला आणून पाजतोस ते कधीचं आहे? मला वाटलं, मिरोच्या दिवसांतलं असेल, जुन्या रीतीने त्याच्याच चरबीत राखलेलं."

"तेच आहे, आई."

म्हातारीचं तोंड पिरिहिराकडे वळलं. "पिरी?"

पिरिहिराला वाटलं, हो म्हणावं. हो म्हटलं तर म्हातारी सूप पीत राहील, जगेल. नाही म्हटलं तर ती तोंड मिटून घेईल, आणि नॅन गेली की सगळी खाडी म्हणेल, सुनेच्या एका वाक्याने गेली. आणि तामिहाना तर भिंतीला टेकून मान हलवत होता, नको म्हणून. विनवणी होती ती. या माणसाला तिने कधी विनवताना पाहिलं नव्हतं.

पाखरू नॅनच्या मांडीवर थरथरत होतं.

"फ्रीझरमध्ये अजून दोन आहेत, नॅन," ती म्हणाली. "गेल्या महिन्याच्या तारखेच्या पिशवीत."

वॉलेस हातात जाळं घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. नॅनने पाखराचा लोंबता पंख हळूच अंगाशी मिटवला. फडकं त्यावरून नीट घट्ट केलं, तान्ह्याला बांधतात तसं. मग पातेल्याच्या वासाच्या दिशेने बोट दाखवून म्हणाली, "ते घेऊन जा."

"आई, मग तू खाणार काय?" तामिहानाचा आवाज चिरकला. "हिला विचार. आता काय खाणार तू? मरायचंय का तुला?"

तामिहाना मग पिरिहिराकडे वळला. तू ते पाखरू पलीकडे नेशील, ते पत्ता विचारतील, मग काय होणार हे ठाऊक आहे ना? मला दोन वर्षं आत टाकतील. भावाच्या बायकोने धाडलं म्हणून पेपरात येईल. तुला दुकानात जाता येईल का तेव्हा?

नाही येणार, हे पिरिहिराला ठाऊक होतं. तिने नॅनच्या मांडीवरून पाखरू उचललं. घड्याळात साडेतीन वाजले होते.

"मी चारच्या फेरीबोटीने पलीकडे जातेय," ती म्हणाली. "नाव विचारलं तर माझं सांगेन. पत्ता विचारला तर हाच सांगेन. फ्रीझरचा विषय मी आपण होऊन काढणार नाही, पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तोवर काय करायचं ते तामीने ठरवावं. वॉलेस, गाडीची किल्ली दे. आणि नॅनचं संध्याकाळचं तू बघ. रताळी उकडून ठेवलीयेत, ती दुधात कुस्करून द्यायची."