बायकांच्या रांगेत मी

आमच्या घरात चमत्कार मानत नाहीत. धम्म घेतला तेव्हाच आजोबांनी ते सगळं बंद केलं. तरी हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतोय, इतका आनंद आहे. ज्याला जे नाव द्यायचं ते देऊ द्या.

दोन वर्षं मी वाळूजच्या कंपनीतून घरी यायचो आणि ताटावर बसल्या बसल्या चिडायचो. भाजी अळणी, पंखा जोरात, पोरीचा आवाज मोठा, काहीही पुरायचं. मग न्हाणीत नळ सोडून रडायचो. डॉक्टरांना मात्र पित्त झालंय म्हणून सांगायचो आणि पित्ताच्या गोळ्या खायचो. आमच्यात बायका असलं दुखणं कंबरेवर घालतात, गडी माणसं पित्तावर. पुढंपुढं तर सकाळी डोळे उघडले, की अजून जिवंत आहोत याचंच वाईट वाटायचं. विहारात जायचो तो बायको ओढून न्यायची म्हणून.

वैशाखी पौर्णिमेला वंदना झाली आणि विहाराच्या मंडपात आरोग्य शिबिर सुरू झालं. पुरुषांच्या टेबलावर बीपी, शुगर आणि दारू-तंबाखूची चौकशी. बायकांच्या टेबलावर झोप, भूक, मन. असं कुणी ठरवलं कोण जाणे. बायको खीर वाढण्यात गुंतली होती. तिचा नंबर जाऊ नये म्हणून तिचा कागद घेऊन मी बायकांच्या रांगेत उभा राहिलो. मावश्या पदराआड हसत होत्या. नंबर आला तेव्हा नर्सबाईंनी मान खाली घालूनच कागद घेतला आणि विचारलं, "उगंच रडू येतं का?"

बायको आत्ता येईल, एवढंच मला सांगायचं होतं. अगदी ओठांवर होतं. बाहेर पडलं ते भलतंच.

"येतं. रोज येतं."

बाईंनी वर पाहिलं. हसल्या नाहीत. "बसा दादा," म्हणाल्या, "कवापासून?"

मी बसलो. रांग ताटकळली, पण मी सगळं सांगितलं, सकाळचं ते वाईट वाटणंसुद्धा. पुरुषांच्या कागदावर हा प्रश्नच नव्हता, म्हणून बाईंनी बायकांच्याच कागदावर माझं नाव घातलं आणि दुसऱ्याच दिवशी मनाच्या डॉक्टरांना भेटायची चिठ्ठी दिली. वळून बघतो तर मागं बायको, हातात खिरीचं पातेलं.

"मला वाटायचं, तुमी माझ्यावरच वैतागलाय," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, लई जीव जळायचा माझा."

तेव्हा कळलं, की मी लपवलेलं ओझं तीच वाहत होती.

आता औषधं चालू आहेत, आणि खरंच बरं वाटतंय. जो प्रश्न माझ्यासाठी नव्हताच, तो नेमका माझ्यापर्यंत आला. आभार कुणाचे मानायचे ते ठरत नाही, म्हणून सगळ्यांचेच मानतो. शरण जाणं म्हणजे हरणं, असं मी समजत आलो होतो. शिबिराच्या त्या दुपारी स्कूटीची चावी मी आपणहून बायकोला दिली. कॉलनीतली ओळखीची मंडळी ओट्यावरच बसलेली होती. त्या सगळ्यांच्या समोरून, मागच्या सीटवर तिचा खांदा धरून, मी घरी आलो.