एकशे एक्कावन्न नंबरचा पहिला माणूस

ऑफिसात त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठ वळली की कुलूप. नाव पडायला कारणही तसंच होतं. सॉफ्टवेअर अडकलं, कुणाचा पडदा गोठला, की सगळे त्यांच्या टेबलाशी गोळा व्हायचे आणि काका चष्मा कपाळावर चढवून ठरलेलं पहिलं वाक्य बोलायचे, "कुठेतरी कुलूप लागलंय." शंभरातल्या नव्वद वेळा ते लागलेलं असायचंच. उरलेल्या दहा वेळा कुणाच्या तरी पायाने प्लग निघालेला असायचा.

काकांचं वय छप्पन्न, त्यातली एकतीस वर्षं याच कामात गेलेली. टीममधली बाकीची मंडळी त्यांच्या मुलीच्या वयाची. काका थकले होते, हे आडून सांगण्यात अर्थ नाही. सुट्टीने जाईल असला तो थकवा नव्हता. सकाळी बूट घालायला स्टुलावर बसले की दुसरा बूट घालायच्या आधी ते पाच-सात मिनिटं तसेच बसून राहायचे. बायको म्हणायची, "एका पायाने जाणार आहात का?" मग उठायचे.

गेलं वर्षभर त्यांच्या मानेवर मोठ्या सरकारी दवाखान्याचं काम बसलं होतं. तिथल्या खिडक्यांवर पेशंटना नंबर देणारं, तपासणीच्या चिठ्ठ्या आणि औषधांच्या पावत्या काढणारं सॉफ्टवेअर यांच्या कंपनीचं. आधी ते एका मशीनवर चालायचं. गर्दी वाढली तशी दोन मशीन झाली, मग चार. चार मशीन लावली की काम चौपट होईल, असं वरच्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात ते दोन मशीनपेक्षाही मंद झालं. काका तीनदा सांगून थकले होते की असंच होणार. चारही मशीनची स्मृती सामाईक होती. चार कारकुनांना लिहायला भिंतीवर एकच पाटी असावी, तसं. पुढचा नंबर कोणता हे त्या पाटीवर. एकाने खडू धरला की ती जागा कुलूपबंद, बाकीचे तिघे हात बांधून उभे. कारकून वाढवले म्हणून पाटी मोठी होत नाही, नुसती उभं राहणाऱ्यांची संख्या वाढते.

सकाळी आठला खिडक्या उघडल्या की एका नंबराला अकरा सेकंद लागायचे. अकरा सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं घरी बसलेल्याला वाटेल. गुडघा धरून उभ्या असलेल्याला विचारा.

करारात तीन सेकंद लिहिले होते. दहा दिवस व्यवस्थित चालवून दाखवायचं आणि मग दवाखान्याचे साहेब सही करणार. काकांचे नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी जुनाच उपाय काढला. पहाटे नवा दिवस सुरू होतानाच प्रत्येक मशीनने पन्नास नंबरांचा गठ्ठा उचलून स्वतःच्या खिशात ठेवायचा. पहिल्या मशीनकडे एक ते पन्नास, दुसऱ्याकडे एक्कावन्न ते शंभर, असं चौथ्यापर्यंत. गठ्ठा संपेपर्यंत पाटीकडे फिरकायची गरजच नाही. कागदपत्रांत अट एवढीच होती, की प्रत्येक पेशंटला वेगळा नंबर मिळावा. तो वेगळाच मिळत होता. क्रमाने मिळावा असं कुठेही लिहिलं नव्हतं, आणि काकांनी कुणाला विचारलंही नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या लेखी नंबराचं काम एवढंच, की तो दुसऱ्यासारखा नसावा.

सोमवारी ते सुरू झालं. नंबर दीड सेकंदात निघू लागले. मॅनेजरबाईंनी केक आणला, काकांच्या हातून कापवला. काका त्या दिवशी कित्येक महिन्यांनी उजेडात घरी पोहोचले.

काकांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, दोन गल्ल्या पलीकडे राहत. दादांनी अख्खी नोकरी कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर म्हणून केली. कोण किती वाजता आला, ते वहीत मांडायचं. दादांनी मांडलेल्या वेळेवर कधी कुणी वाद घातला नाही. एकदा स्वतः मोठे साहेब चार मिनिटं उशिरा आले, तर दादांनी चार मिनिटं मांडली. निवृत्त झाल्यावरही खिशात छोटी डायरी होतीच. दूधवाला कधी आला, दिवे कधी गेले, सगळं तिच्यात.

रविवारी काका तिकडे गेले, तर वहिनींनी त्यांना दारातच गाठलं.

"भावजी, यांच्याकडे जरा बघा हो. गुरुवारी दवाखान्यात जाऊन आल्यापासून काहीतरी बिनसलंय. घराच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या, म्हणाले, मी विसरेन. आज वार कोणता ते दोनदा विचारलं. मला विचारलं! यांनी!"

दादा खुर्चीत बसले होते. भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं मागे पडलं होतं आणि कुणी ते पुढे केलं नव्हतं.

"काय झालं रे दादा?"

"काही नाही. वय झालं." दादांनी डायरी पुढे केली. "हे बघ. मला वाटलं मी पहाटेच पोहोचलो."

गुरुवारच्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, '५.५० दारात. पहिला.' त्यावर काट मारली होती आणि खाली फक्त '१५१'. दादांच्या कुठल्याही वहीत काकांनी आजवर खाडाखोड पाहिली नव्हती.

"तुझ्यापुढे कोण होतं रांगेत?" काकांनी विचारलं.

"कोणी नव्हतं असंच आठवतंय. पण एकशे एक्कावन्न म्हणजे दीडशे माणसं होती की रे पुढे! संध्याकाळी चारला नंबर लागला. मी कुठेतरी बसून राहिलो असेन, डुलकी लागली असेल, काय ते कळत नाही." दादा कसंनुसं हसले. "मशीन कशाला खोटं बोलेल? आणि तूच तर बनवलंयस ते."

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. चौथं मशीन. एकशे एक्कावन्न ते दोनशे. दादांच्या खिडकीला चौथं मशीन आलं होतं, एवढंच. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे केक, सही, वर्षभराचं काम, सगळं परत उसवायचं. आणि दादा शेजारीपाजारी ज्याच्या नावाने छाती फुगवून बोलायचे, तो आपण. काकांनी चहा संपवला आणि काही न बोलता घरी आले. या गोष्टीची त्यांना पुढे जन्मभर लाज वाटली.

सोमवारी ऑफिसच्या आधी ते दवाखान्यात गेले आणि बाकावर बसले. आठ वाजता खिडक्या उघडल्या. एक माणूस तावातावाने ओरडत होता, "हा आत्ता आला, याला बारा? मला एकशे आठ?" खिडकीतली बाई चिठ्ठ्या फाडता फाडता म्हणाली, "मला काय सांगता? मशीनने दिलाय." शेवटी त्याला गार्डने बाजूला घेतलं. भांडणाऱ्यांचं काकांना फारसं काही वाटलं नाही. न भांडणाऱ्यांचं वाटलं. ते चिठ्ठीकडे बघायचे, रांगेकडे बघायचे, पुन्हा चिठ्ठीकडे बघायचे आणि गुपचूप जाऊन बसायचे.

ऑफिसात काकांनी हे सांगितलं, तर मॅनेजरबाई म्हणाल्या, "काका, एकही तक्रार आलेली नाही."

"मॅडम, तक्रार खिडकीवर होते. ती आपल्यापर्यंत येतच नाही."

"परवा सही आहे. सही होऊ द्या, मग शांतपणे बघू."

बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतं. पण 'मग बघू' हे शब्द काकांनी एकतीस वर्षं ऐकले होते, आणि मग कुणी कधी बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मंगळवारी दुपारी, सगळ्यांच्या देखत आपल्या टेबलावर बसून, काकांनी बदल केला. तपासणीच्या चिठ्ठ्यांचे आणि पावत्यांचे नंबर गठ्ठ्यांवरच ठेवले, त्यांचा क्रम कुणी विचारत नाही. पेशंटचे नंबर मात्र पुन्हा एकाच पाटीवर आणले. कुलूप परत लागलं. गर्दीच्या वेळी एका नंबराला सहा सेकंद. मग आपण काय केलं आणि का केलं ते स्वतःच्या नावाने लिहून सगळ्यांना पाठवलं. बुधवारी दवाखान्याच्या साहेबांनी तीनच्या जागी सहा पाहिले आणि पेनाचं टोपण परत लावलं. संध्याकाळपर्यंत काकांना त्या कामातून काढून जुनी माहितीपत्रकं सुधारायला बसवलं होतं. काकांना राग आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

ऑफिसातून ते थेट दादांकडे गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गठ्ठे, चौथं मशीन, रविवारी गिळलेलं वाक्य, सगळं.



"म्हणजे मी पहिलाच होतो?"

"पहिलाच होतास, दादा. माझं चुकलं."

दादांनी डायरी काढली. काट मारलेल्या ओळीच्या वर तीच ओळ पुन्हा लिहिली, वेळेसकट. मग वहिनींना म्हणाले, "किल्ल्या दे इकडे." वहिनी डोळे पुसत किल्ल्या आणायला गेल्या. काकांचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच.

"असं किती जणांचं झालं?" दादांनी विचारलं.

"रविवार सोडून आठ दिवस. रोज चारशे-साडेचारशे."

"त्यांना कोण सांगणार?"

"दादा, आता बरोबर येतायत नंबर."

"आत्ताच्यांचे येतायत रे. त्यांचं काय? एखादा घरी किल्ल्या बायकोच्या हाती देऊन बसला असेल."

काकांना वाटलं, आता पुरे. घरी जावं, बूट काढावेत. पण दादांनी कोरा कागद ओढला होता आणि फाटकावर सूचना लिहायचे त्या मोठ्या, ठसठशीत अक्षरात लिहायला घेतलं होतं.

पुढच्या महिन्यात दादांची तारीख आली तेव्हा दोघे भाऊ बरोबरच गेले. दादांना नंबर मिळाला तीन, कारण त्यांच्याआधी दोन माणसं खरोखरच आली होती. काकांनी खिडकीतल्या बाईला विचारून काचेवर कागद चिकटवला. त्यात तारखा होत्या आणि खाली तीन ओळी होत्या: 'या दिवसांत दिलेले नंबर चुकीचे होते. तुम्ही वेळेवरच आला होतात. चूक मशीन लावणाऱ्याची होती.' दादांनी जागा सोडली होती तिथे काकांनी सही केली होती. गार्ड दुपारपर्यंत कागद काढणार, हे दोघांनाही माहीत होतं.

बरेच जण न वाचताच पुढे गेले. मग एक वयस्क जोडपं आलं. बाईंनी कागद वाचला, पर्समधून जुनी चिठ्ठी शोधून तारीख ताडून पाहिली आणि पुन्हा वाचला. नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्या त्याच्याजवळ गेल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला उगाच बोलले हो."

काका मान खाली घालून बसून राहिले. शेजारी दादांनी डायरी काढली, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि लिहिलं, '८.१७. दोघांना कळलं.'