उलट्या पिळाची प्रथिने

रेवदंड्याला शास्त्र शिकवणाऱ्या शिवदास मास्तरांना १९६६ च्या मे महिन्यात मुंबईच्या एका प्रयोगशाळेने बोलावले. तिथे प्रथिनांचे तारेचे नमुने करणारा माणूस हवा होता. मास्तरांचे वय छत्तीस. असे बोलावणे पुन्हा येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. ती स्वतःभोवती दुमडते आणि तिला आकार येतो. तोवर जगात मोजक्याच प्रथिनांचे आकार कुणी पाहिले होते. मासिकांतल्या चित्रांवरून मास्तरांनी त्यांतले तीन पितळी तारेत वळले. देवमाशाच्या स्नायूतले एक, घोड्याच्या रक्तातले एक. प्राणी निराळे, पण घडी तीच. म्हणून दोन्ही एका फळीवर ठेवली. ही नुसत्या मळसूत्री वळणांची. दुसऱ्या फळीवर कोंबडीच्या अंड्यातले, वळणे आणि सपाट पट्ट्या मिसळलेले. तिसरी फळी नुसत्या पट्ट्यांची. ती रिकामी होती.

"हितं लोणच्याची बरणी ठेवू का रं?" आई, नीराबाई, विचारी.

"तिथं कोणतरी यायचं हाय अजून, आये."

"तुझी बायको बी धा वर्सं अशीच यायची हाय."

मास्तर खोके मांडीवर घेऊन लाँचने मुंबईला गेले. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी पहिला नमुना उचलून उजेडात फिरवला.

"वर्गवारी शहाणपणाची आहे, मास्तर. पण तुमचं मळसूत्र डावं आहे. प्रथिनात ते उजवं असतं. चित्रातही उजवंच आहे."

मास्तरांनी चित्र पाहिले. उजवेच होते. तीन वर्षे ते रोज पाहत होते.

"तार वळायला कुठं शिकलात?"

"आईजवळ. सुंभ वळताना."

नीराबाई डावखुऱ्या. काथ्याला त्या उलटा पीळ देत, आणि मांडीला मांडी लावून शिकलेल्या मुलाचा हातही तसाच पडला होता. बाजारात त्यांचे सुंभ नुसते चाचपून ओळखत.

"मला डोळ्यांनी वळणारा माणूस हवा," प्रमुख म्हणाले. "तुमचे हात आधीच ठरवून बसलेत."

घरी येऊन मास्तरांनी एक वळण उलगडले, उजवीकडे वळायला घेतले. तार तुटली. दुसरी घेतली, बोटे डावीकडेच गेली.

"घेतलं का रं तुला?" आईने दारातून विचारले.

"न्हाय."

"का?"

मास्तर तिच्या हातांकडे बघत राहिले.

"वय झालं म्हणाले."