मामांची फाइल

ऑफिसात त्याला सगळे कोठीवाला म्हणत, आणि होताच तो तसा. वेब अ‍ॅप्लिकेशनच्या कुठल्याही भागाला डेटाबेस हवा असो की मेल पाठवणारा भाग, सगळं मिळायचं ते त्याच्या एकोणीसशे ओळींच्या फाइलमधून. एक ओळ वरखाली झाली की अ‍ॅप्लिकेशन चालूच होत नसे. क्रम ठाऊक फक्त त्याला, आणि तो त्याने कुठे लिहून ठेवला नव्हता. नवा भाग जोडायचा तर त्याच्या नाकदुऱ्या काढाव्या लागत. त्याची खुर्ची बारा वर्षं टिकली ती त्या फाइलच्या जिवावर.

ती फाइल मोडायला निघाली त्याचीच सख्खी भाची. नोकरीला त्यानेच चिकटवली होती तिला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

"मामा, प्रत्येक भागाने आपल्याला काय लागतं ते आपल्याच सुरुवातीला लिहायचं. फ्रेमवर्क, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर अ‍ॅप्लिकेशन उभं आहे तो, ते वाचतो आणि पुरवतो. मध्ये तुमची फाइल कशाला?"

"कालची पोर तू, मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. तीन वर्षं तुमच्या खुर्चीमागे ताटकळले, तेवढं बास झालं."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोंदणीच्या भागाला मेल लागतो आणि मेलच्या भागाला पत्त्यांसाठी नोंदणी, हे त्याला माहीत होतं. नव्या पद्धतीत दोघं एकमेकांसाठी अडून बसणार. त्याने आपल्या फाइलमध्ये तिथे गुपचूप ठिगळ मारलं होतं. सांगायचं नाही, पडू दे तोंडावर, त्याने ठरवलं.

आणि पडलीच. साहेबांसमोर तिने अ‍ॅप्लिकेशन चालू केलं, तर पडदाभर लाल अक्षरं.

"मला माहीतच होतं!" कोठीवाला हसला. "नोंदणी आणि मेल."

साहेबांनी वळून पाहिलं. "माहीत होतं? मग सांगितलं का नाहीत?"

भाचीने तोवर लाल अक्षरं वाचलीही होती. दोन्ही नावं त्यातच होती. तिने पत्ते एका वेगळ्या छोट्या भागात काढले, दोघांनाही तिथून घ्यायला लावले. वीस मिनिटांत अ‍ॅप्लिकेशन चालू.

"आणखी जे जे माहीत असेल, ते लिहून हिच्याकडे द्या," साहेब म्हणाले. "आजच."

तो दुपारभर लिहीत बसला. खूप आठवलं, खूप खोडलं. फाइल गेल्यावर बहुतेक गोष्टींना अर्थच उरला नव्हता. शेवटी अकरा ओळी झाल्या.

भाचीने कागद उभ्याउभ्याच वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"एवढंच, मामा?"